शुद्ध रंगाचा शोध : पडद्यावरील प्रकाश आणि त्याचे रसायन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिर ज्याने पाहिलेले नाही असा लष्करातला मराठी माणूस विरळाच. राजा मानसिंह तोमराने बांधविलेल्या त्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या झिलईच्या फरशांची नक्षी आहे. त्यांत हत्ती आहेत, बदकांची रांग आहे, केळीची झाडे आहेत. उन्हे कलल्यावर त्या निळ्याला जे तेज चढते ते पाहून नवखा पाहुणा क्षणभर थबकतो, मग खिशातून फोन काढतो आणि छायाचित्र घेतो. घरी परतल्यावर ते छायाचित्र पुण्याच्या किंवा नागपूरच्या आप्तांना दाखविले जाते. ‘वा, छान निळा आहे’ असे आप्त म्हणतात. परंतु ज्याने तो निळा किल्ल्यावर उभे राहून पाहिला त्याला मनातून काहीतरी हरवल्यासारखे वाटत राहते. चंदेरीची मोरपंखी साडी फोनवर पसंत करून मागविणाऱ्या पाटणकर बाजारातल्या गृहिणीचा अनुभव याहून अधिक व्यवहारी असतो. घडी उलगडल्यावर ‘हा तो रंगच नव्हे’ असे तिचे म्हणणे पडते, आणि दुकानदार शपथेवर सांगतो की साडी तीच आहे.

पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. उन्हाचा, छायाचित्रणाचा, डोळ्यांच्या आठवणीचा दोष यात असतोच. पण त्यात एक वाटा पडद्याचाही असतो. आणि तो वाटा कमी करावयाचा तर अखेरीस प्रश्न येऊन ठेपतो तो एखाद्या रेणूच्या घडणीपाशी. एकच एक रंग, अगदी निर्भेळ, देणारे द्रव्य कसे घडवावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

दूरचित्रवाणीच्या किंवा फोनच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून पाहिले तर थेंब भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्या दिसणाऱ्या जागी तांबडे, हिरवे आणि निळे असे इवले इवले दिवे दिसतात. पडद्याजवळ या तीन दिव्यांखेरीज दुसरा रंगच नाही. पिवळा म्हणजे तांबडा आणि हिरवा एकदम; पांढरा म्हणजे तिन्ही. मानवी डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असल्यामुळे ही फसवणूक साधते, आणि ती किती साधते याचा हिशेब १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने एका नकाशात मांडून ठेवला. इंग्लंडात राइट आणि गिल्ड या दोघा शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या माणसांना रंग जुळवावयास बसवून जी मापे घेतली, त्यांवर तो नकाशा आधारलेला आहे. नकाशाच्या घोड्याच्या नालासारख्या कडेवर इंद्रधनुष्यातले निर्भेळ रंग बसतात. जसजसे आत जावे तसतसा रंगात पांढरा मिसळत जातो.

या नकाशावर पडद्याच्या तीन दिव्यांचे तीन ठिपके मांडून ते जोडले की एक त्रिकोण होतो. पडदा त्या त्रिकोणाच्या आतला कोणताही रंग दाखवू शकतो. बाहेरचा एकही नाही. मिश्रणाचे प्रमाण कितीही बदलले तरी त्रिकोणाची वेस ओलांडता येत नाही. १९८० साली पॉइंटर नावाच्या संशोधकाने ४०८९ नमुने मोजून रंगीत पृष्ठभागांचे क्षेत्र नकाशावर आखले. संगणकाच्या नेहमीच्या पडद्यांसाठी ठरलेला त्रिकोण त्यातला सुमारे सत्तर टक्के भाग व्यापतो. जो भाग सुटतो त्यात निळसर हिरव्या छटा ठळकपणे येतात, म्हणजे नेमका मोरपंखाचा मुलूख.

त्रिकोण मोठा करावयाचा तर त्याचे कोपरे नकाशाच्या कडेकडे सरकविले पाहिजेत, म्हणजेच तिन्ही दिवे अधिक शुद्ध केले पाहिजेत. २०१२ साली दूरचित्रवाणीसाठी जे नवे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले त्यात तिन्ही कोपरे थेट कडेवरच ठेवले आहेत : तांबडा ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा, हिरवा ५३२ चा आणि निळा ४६७ चा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांवा भाग. प्रमाण ठरविणाऱ्यांनी कागदावर तीन बिंदू काढले; त्या बिंदूंवर प्रत्यक्षात प्रकाश देणारे द्रव्य शोधण्याचे काम रसायनशास्त्रज्ञांवर आले.

शुद्ध रंग म्हटल्यावर ग्वाल्हेरच्या श्रोत्याला शुद्ध स्वर आठवणे साहजिक आहे. ज्या गावी शंकरराव आणि कृष्णराव पंडितांचे गाणे घडले तिथे सुराचे तारतम्य शिकवावे लागत नाही. तथापि ही उपमा जपूनच वापरावी लागते. तंबोऱ्याचा षड्ज सुरेल असतो याचा अर्थ त्यात एकच कंपनसंख्या असते असा नव्हे. उलट तिच्या पटीतल्या असंख्य स्वरांनी तो भरलेला असतो, आणि त्यानेच त्याला गोडी येते. रंगाची शुद्धता याहून कोरडी गोष्ट आहे. द्रव्यातून निघणारा प्रकाश वर्णपटावर मांडला तर एक टेकडी दिसते. ती टेकडी जितकी अरुंद तितका रंग शुद्ध. शास्त्रज्ञ टेकडीच्या अर्ध्या उंचीवर तिची रुंदी नॅनोमीटरमध्ये मोजतात, आणि पुढे जे आकडे येतील ते या रुंदीचे आहेत.

अरुंद टेकडीचे महत्त्व पहिल्यांदा पटले ते तांबड्या रंगामुळे. प्रारंभीच्या रंगीत दूरचित्रवाणी संचांत काचेच्या नळीच्या तोंडाला आतून फॉस्फर नावाच्या चकाकणाऱ्या भुकटीचे ठिपके दिलेले असत. इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की ते उजळत. हिरवे आणि निळे ठिपके ठीक होते. तांबडा मात्र मंद आणि पसरट होता. चित्राचा तोल राखण्यासाठी हिरव्यानिळ्यालाही मुद्दाम मंद ठेवावे लागे, म्हणजे एकाच्या अशक्तपणामुळे तिघांनी हळू चालावे असा प्रकार. १९६४ साली अमेरिकेत लेव्हिन आणि पॅलिला यांनी इट्रियम व्हॅनाडेट या स्फटिकात युरोपियम या धातूचा अल्प अंश मिसळून नवे तांबडे फॉस्फर केले, आणि सगळ्या चित्राचीच कळा पालटली. भारतात १५ ऑगस्ट १९८२ रोजी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या आशियाई खेळांसाठी घरोघरी रंगीत संच आले, तोवर युरोपियमचा तांबडा हा या धंद्यातला नित्याचा माल झालेला होता. त्या खेळांतील तांबडी निशाणे ज्यांनी पाहिली त्यांनी नकळत युरोपियमचाच उजेड पाहिला.

युरोपियमचा तांबडा इतका निर्मळ का, हे समजून घेण्यासारखे आहे. पुढच्या साऱ्या शोधाची किल्ली त्यातच आहे. द्रव्याला बाहेरून ऊर्जा मिळाली की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, आणि खाली येताना तेवढी ऊर्जा प्रकाशरूपाने परत देतो. दोन पातळ्यांतील अंतर पक्के असेल तर प्रत्येक वेळी तोच रंग निघेल. सामान्यतः ते पक्के नसते, कारण शेजारचे अणू सतत हलत असतात आणि ते अंतर कमीजास्त करीत राहतात. विरल मृदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूलद्रव्यांत, ज्यांत युरोपियम मोडतो, प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कक्षेत असतात आणि त्यांच्याभोवती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचे आवरण असते. लष्करातल्या जुन्या वाड्यांत रस्त्यावरून वरात गेली तरी माजघरात तिचा गलबला पोचत नसे, तसेच काहीसे इथे आहे. शेजारी किती का हलेनात, आतल्या इलेक्ट्रॉनाला त्याची फारशी खबर नसते. म्हणून युरोपियमची तांबडी रेषा बहुधा ६१० ते ६२५ नॅनोमीटरांच्या दरम्यान कुठेतरी, पण अगदी बारीक, अशी उमटते.

महाराष्ट्रातील प्रयोगशाळांनी या विषयात जे काम केले त्याचा उल्लेख मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावर विस्ताराने व्हावयास हवा. तो सहसा होत नाही, कारण हे काम इंग्रजी नियतकालिकांत छापले जाते आणि तिथेच राहते.

पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या, भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या अमेरिकन नियतकालिकात दोन निबंध प्रसिद्ध केले. एक मँगेनीज मिसळलेल्या झिंक सल्फाइडच्या अतिसूक्ष्म कणांविषयी होता, दुसरा तांबे मिसळलेल्या तशाच कणांच्या हिरव्या प्रकाशाविषयी. झिंक सल्फाइड हे जुने, ओळखीचे द्रव्य. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांपासून चित्रनळ्यांपर्यंत त्याचा वापर झालेला होता. नवीन होते ते कणांचे माप. काही नॅनोमीटर एवढ्या कणात इलेक्ट्रॉनाला वावरावयास जागाच पुरत नाही, आणि त्यामुळे त्याच्या ऊर्जेच्या पातळ्या कणाच्या आकारावर अवलंबून राहू लागतात. मँगेनीजचे कण पुण्यात पाण्याच्या माध्यमातच तयार करण्यात आले. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत असे कण करण्याच्या प्रचलित रीती पुष्कळदा तप्त आणि विषारी द्रवांच्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या रीतीचे मोल कळते. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मँगेनीजचा नारिंगी आणि तांब्याचा हिरवा हे दोन्ही रंग पसरट टेकडीचे आहेत. कणाचे माप आवरता आले म्हणून प्रकाश आपोआप अरुंद होत नाही. प्रकाश देणारा कोण आहे यावर ते ठरते.

नागपूरची वाट याहून वेगळी आणि या विषयाला अधिक जवळची आहे. तेथील विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग अनेक दशके चकाकणाऱ्या द्रव्यांच्या अभ्यासासाठी ओळखला जातो. त्याच गावातल्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेचा जन्म १९४२ चा. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या देणगीतून ती उभी राहिली. आश्रयदात्यांच्या सभेत हे मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे. या संस्थेतील एन. थेजो कल्याणी आणि विद्यापीठातील संजय ढोबळे यांनी युरोपियमच्या सेंद्रिय संयुगांवर काम केले आणि त्यांपासून तांबडा प्रकाश देणारे दिवे बनविले. विद्यापीठातलेच रामचंद्र पोडे हेही या कामात होते. पोडे यांनी पुढे सोलच्या क्युंग ही विद्यापीठात तांबड्या सेंद्रिय दिव्यांवर संशोधन केले. ज्या कोरियातून आज जगभर पडदे जातात, तिथल्या प्रयोगशाळेतील निबंधांवर नागपूरच्या प्राध्यापकाचे नाव आढळते ते असे.

युरोपियमचा अणू शुद्ध रंग देतो खरा, पण त्याच्यात एक उणीव आहे : तो बाहेरची ऊर्जा स्वतःहून फारशी घेत नाही. माजघर इतके बंदिस्त की रस्त्यावरचा गलबला आत येत नाही, तसाच भाजीवालाही येत नाही. यावर तोड १९४२ साली वाइसमन या अमेरिकन शास्त्रज्ञाला सापडली होती. युरोपियमभोवती असे सेंद्रिय रेणू बांधावयाचे की जे प्रकाश भरपूर शोषतात आणि मिळालेली ऊर्जा मधल्या धातूकडे पोचवितात. कमावणारा एक, आणि खर्च करणारा दुसरा. नागपूरच्या संयुगांत हीच योजना आहे. दिवसाउजेडी ही भुकटी फिकी, जवळजवळ पांढरी दिसते. अतिनील दिव्याखाली धरली की एकदम कुंकवासारखी पेटते, आणि वर्णपटावर ६१२ नॅनोमीटरपाशी दहा नॅनोमीटरच्या आत मावणारी रेषा उमटते.

मग सर्व पडद्यांत युरोपियमची संयुगे का नाहीत, असा प्रश्न कुणीही विचारील. उत्तर असे की उत्तेजित युरोपियम प्रकाश द्यावयाला फार वेळ लावतो. मिलिसेकंदाचा मोठा भाग तो नुसता थांबून असतो. दिव्यातून विद्युत्‌प्रवाह वाढविला की ऊर्जा येत राहते, पण आधीचे गिऱ्हाईक अजून दुकानातच उभे असते. परिणामी दिवा एका मर्यादेपलीकडे उजळत नाही. शिवाय सेंद्रिय वेष्टन काळाच्या ओघात विघटित होते. शुद्धता आहे, पण तेज आणि आयुष्य कमी. हे त्रांगडे या विषयात पुन्हा पुन्हा भेटते.

आज फोनच्या पडद्यांत जे सेंद्रिय दिवे असतात त्यांचा आरंभ १९८७ साली झाला. कोडॅक कंपनीत टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय द्रव्यांचे अतिशय पातळ थर एकावर एक देऊन कमी विद्युत्‌दाबावर हिरवा प्रकाश मिळविला. या रेणूंत आतले माजघर नाही. प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन साऱ्या रेणूवर पसरलेले असतात, आणि रेणू ताणला, वाकला, वळला की प्रत्येक हालचालीचा ठसा रंगावर उमटतो. म्हणून सेंद्रिय रेणूच्या प्रकाशाची टेकडी साधारणतः पन्नास ते शंभर नॅनोमीटर रुंद असते. कारखानदार त्यावर गाळणी बसवून नको असलेला भाग अडवितात. रंग सुधारतो, पण आधी वीज खर्चून निर्माण केलेला उजेड फेकून दिला जातो.

रेणू घट्ट बांधला तर तो हलणार नाही, हा विचार रंगद्रव्यांच्या रसायनात जुनाच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतले फिनॉल्फ्थॅलीन बहुतेकांनी हाताळलेले असते. अल्कात ते गुलाबी होते, पण चकाकत नाही. त्याचे भावंड फ्लुओरेसीन. दोघांच्या बांधणीतला मोठा फरक एवढाच की फ्लुओरेसीनमध्ये दोन कड्यांना जोडणारा ऑक्सिजनचा एक पूल आहे. त्या एका पुलाने रेणू ताठ होतो आणि पिवळसर हिरव्या प्रकाशाने झळाळतो. फिनॉल्फ्थॅलीनचे मोकळे भाग फिरत राहतात आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेत घालवितात. मुंबईला माटुंग्याच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागाचे, आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, संचालक राहिलेल्या कृष्णस्वामी वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांच्या रसायनावरील ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि जगभर संदर्भासाठी वापरला गेला. रंग आणि रेणूची बांधणी यांचे नाते शिकविणारी एक मोठी परंपरा या दोन संस्थांत नांदत होती.

परंतु नुसता ताठपणा पुरत नाही, आणि इथे गोष्ट खरोखर अवघड होते. सेंद्रिय दिव्यात वीज सोडली की उत्तेजित अवस्था दोन जातींच्या निर्माण होतात. चारांपैकी एक अशी की ती सहज प्रकाश देते; उरलेल्या तीन तशा देत नाहीत. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वाया. १९९८ पासून अमेरिकेत फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांनी प्लॅटिनम आणि इरिडियम यांसारख्या जड धातूंच्या संयुगांनी ती पंचाहत्तरही वसूल करून दाखविली. तांबड्या आणि हिरव्या दिव्यांचा प्रश्न पुष्कळसा सुटला. २०१२ साली जपानच्या क्युशू विद्यापीठात अदाची यांनी धातूवाचूनही ते साधले. त्यांची युक्ती अशी की रेणूचा एक भाग इलेक्ट्रॉन देणारा आणि दुसरा घेणारा करावयाचा, आणि दोघांना एकमेकांपासून दूर, पिरगळून ठेवावयाचे. मग त्या दोन जातींच्या अवस्थांतले अंतर इतके कमी होते की खोलीतल्या उष्णतेच्या बळावरच निरुपयोगी अवस्था उपयुक्त होते. पण ज्या रेणूत देणारा आणि घेणारा दूर आणि पिरगळलेले, तो रेणू सैल आणि हलता. टेकडी पुन्हा रुंद, सत्तर ते शंभर नॅनोमीटर. वीज वाचली आणि रंग गढूळ झाला. काही वर्षे असे वाटत होते की या दोहोंपैकी एकच काहीतरी मिळावयाचे.

२०१६ साली जपानमधल्याच क्वान्सेइ गाकुइन विद्यापीठातील ताकुजी हातायेकामा नव्हे, हातकेयामा (मराठी जिभेला हे नाव जरा घोळवावे लागते) यांनी या कोंडीतून वाट काढली. देणारा आणि घेणारा यांना दोन टोकांना पाठविण्याऐवजी त्यांनी ते एकाच सपाट, ताठ जाळीत एकाआड एक बसविले. मध्ये बोरॉनचा एक अणू, त्याच्या समोरच्या जागी नायट्रोजनचे दोन. बोरॉन इलेक्ट्रॉनांना ओढतो, नायट्रोजन देतो, आणि त्यामुळे भरलेली पातळी काही अणूंवर, रिकामी पातळी त्यांच्या लगतच्या अणूंवर अशी बुद्धिबळाच्या पटासारखी वाटणी होते. इलेक्ट्रॉनाला वर जाताना फक्त शेजारच्या घरात सरकावयाचे असते. कोणताही बंध ताणावा लागत नाही, आणि रेणूचा आकार जवळजवळ बदलतच नाही. दूरत्वाचा लाभ मिळाला आणि सैलपणाचा तोटा टळला. या रेणूच्या एका प्रकारापासून केलेल्या दिव्याचा निळा प्रकाश नेमका ४६७ नॅनोमीटरवर आला, रुंदी २८. तीन वर्षांनी, २०१९ साली, त्याच मंडळींनी अशा जाळ्या जोडून मोठा रेणू केला. त्याची रुंदी अवघी १८ नॅनोमीटर, तरंगलांबी ४६९, आणि दिव्यात गेलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी चौतीस टक्क्यांहून अधिकांचा प्रकाश बाहेर पडला. सात वर्षांपूर्वी कागदावर काढलेल्या बिंदूच्या इतक्या जवळ सेंद्रिय रेणू जाईल, असे त्या प्रमाणाच्या कर्त्यांना वाटले असेल की नाही कोण जाणे.

याच सुमारास दुसऱ्या वाटेनेही माणसे तिथे पोचत होती, ती थोडक्यात सांगावयास हवी. पुण्याच्या कणांच्या जातीचे, पण बाहेरचा धातू न मिसळता स्वतःच प्रकाश देणारे अर्धवाहक कण म्हणजे पुंजबिंदू. त्यांच्या शोधाबद्दल एकिमोव्ह, ब्रूस आणि बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा रंग आकाराने ठरतो : कॅडमियम सेलेनाइडचा दोनेक नॅनोमीटरचा कण निळा, सहाएक नॅनोमीटरचा तांबडा. येथे शुद्धता म्हणजे साऱ्या कणांचे माप एकसारखे असणे. लाडवांच्या ताटात एक लहान, एक मोठा चालेल, या ताटात चालत नाही. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकांचे कण वीस नॅनोमीटरच्या आसपासची रुंदी सहज देतात, परंतु पाण्याचा वारा त्यांना सोसत नाही आणि त्यांत शिसे असते. कॅडमियम तर विषारी म्हणून अनेक देशांत निर्बंधित आहे. पडदा जुना झाला की तो कुठे जातो, हे भंगारवाल्याला माहीत असते. प्रयोगशाळेतल्या आकड्यांत तो हिशेब नसतो.

शुद्धतेच्या या ध्यासाविषयी एक शंकाही नोंदविली पाहिजे. दोन माणसांचे डोळे तंतोतंत सारखे नसतात. टेकडी रुंद असताना हा फरक झाकला जातो. तिन्ही दिवे रेषेइतके बारीक केले की तोच पांढरा एकाला किंचित गुलाबी आणि दुसऱ्याला किंचित हिरवट दिसू शकतो. म्हणजे साडीचा वाद दुकानदार आणि गृहिणी यांच्यात राहणार नाही; एकाच सोफ्यावर बसलेल्या नवराबायकोत होईल. २०१२ च्या प्रमाणाचा हट्ट अक्षरशः धरावा की अलीकडे थांबावे, यावर म्हणूनच जाणकारांत मतभेद आहेत, आणि अलीकडे थांबावे म्हणणारांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

खरी अडचण मात्र निळ्याचीच आहे. निळ्या प्रकाशाच्या एका कणातली ऊर्जा तांबड्याच्या मानाने बरीच जास्त. सेंद्रिय रेणूंतील कमजोर बंध तोडावयाला लागणारी ऊर्जा तिच्याच घरातली असते. प्रकाश देण्यासाठी ऊर्जा धारण केलेला निळा रेणू म्हणजे स्वतःचे घर पाडू शकेल एवढे बळ अंगात घेऊन उभा असलेला पाहुणा. तो जितका वेळ तसा उभा राहील तितका धोका अधिक. आणि हातकेयामांच्या ताठ रेणूंत निरुपयोगी अवस्थेतून परतण्याचा वेगच कमी पडतो. शिवाय सपाट रेणू एकमेकांवर पानांसारखे चिकटतात आणि टेकडी पुन्हा रुंदावते, म्हणून ते अगदी विरळ, बहुधा शेकडा एकाच्या आसपास, मिसळावे लागतात. यावर जो उपाय आज सर्वत्र चालू आहे तो वाइसमनच्या आणि नागपूरच्या कल्पनेचाच भाऊबंद आहे : ऊर्जा गोळा करण्याचे काम एका चपळ रेणूकडे सोपवावयाचे, आणि त्याने ती तत्काळ शुद्ध रंगाच्या रेणूकडे द्यावयाची. कमावणारा वेगळा, रंग देणारा वेगळा.

फोनच्या पडद्यांत तांबडा आणि हिरवा जड धातूंच्या संयुगांचे झाले तरी निळा मात्र वर्षानुवर्षे जुन्याच, कमी कार्यक्षम जातीचा ठेवावा लागला. २०२५ साली एका कोरियन कंपनीने जड धातूचा निळा थर कारखान्यात करता येण्याच्या पायरीपर्यंत आणल्याचे जाहीर केले. पण त्यातही दोन थरांपैकी एक थर जुन्या निळ्याचाच आहे, आयुष्य टिकावे म्हणून. मानमंदिरावरच्या निळ्याला हा त्रास नाही. काचेत वितळवून बसविलेले धातूचे अणू ऊर्जा साठवीत नाहीत, स्वतः प्रकाश देत नाहीत. सूर्याच्या उजेडातला नको तो भाग शोषून उरलेला परत पाठवितात एवढेच. पाचशे वर्षे ते भिंतीवर आहेत, आणि उन्हे कलल्यावर ते पाहावयाचे तर अजूनही किल्ला चढून जावे लागते.